हातातून उमटलेली अक्षरे : डॉ. मारिया मॉन्टेसरी

लहान मुलाला अक्षरओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा पडतोच. पाटी-पेन्सिल देऊन मुलाला समोर बसवावे, एकेक अक्षर शंभरदा गिरवून घ्यावे आणि चुकले की रागवावे, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मूल अक्षरे शिकत असे. पण पुष्कळदा अक्षरांबरोबर अक्षरांची भीतीही शिकत असे. ही भीती दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे नाव अग्रभागी आहे. व्यवसायाने त्या वैद्य होत्या. मुलांना वाचायला शिकवण्याचा मार्ग मात्र त्यांना रोममधल्या एका दरिद्री वस्तीत, निरक्षर आईबापांच्या मुलांमध्ये सापडला.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले या लहानशा गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे ही त्या काळच्या मानाने सुशिक्षित आणि वाचनाची ओढ असलेली स्त्री होती. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब राजधानी रोम येथे स्थायिक झाले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारियाला मात्र गणिताची गोडी होती. तेराव्या वर्षी तिने मुलग्यांसाठी समजल्या जाणाऱ्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. तिला आधी अभियंता व्हायचे होते. पुढे तिने वैद्यकाचा ध्यास घेतला. वडिलांना हा निर्णय रुचला नाही. आई मात्र मुलीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली.

१८९० साली मारियाने रोमच्या विद्यापीठात प्रवेश केला. आधी विज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून ती वैद्यकाच्या वर्गात दाखल झाली. तेथे तिची वाट सोपी नव्हती. पुरुष विद्यार्थ्यांच्या देखत स्त्रीने शवविच्छेदन करणे अशोभनीय मानले जाई. त्यामुळे सर्व विद्यार्थी निघून गेल्यावर, संध्याकाळच्या वेळी, तिला एकटीने प्रेतांच्या सोबतीत ते काम करावे लागे. तिने हार मानली नाही. १८९६ साली ती वैद्यकाची पदवीधर झाली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांमध्ये तिची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिने इटलीची प्रतिनिधी म्हणून कामकरी स्त्रियांना समान वेतन मिळावे, अशी मागणी मांडली.

पदवीनंतर डॉ. मॉन्टेसरी विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या निमित्ताने त्या रोममधील वेड्यांच्या इस्पितळांना भेटी देत. बौद्धिक वाढ मंदावलेली मुलेही तेव्हा तेथेच कोंडून ठेवली जात. अशाच एका खोलीतील मुलांविषयी तेथली राखणदार स्त्री तिरस्काराने बोलत होती. जेवण झाले की ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करतात, अशी तिची तक्रार होती. डॉ. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली. तेथे एकही खेळणे नव्हते. हातात धरता येईल अशी एकही वस्तू नव्हती. त्यांच्या ध्यानात आले, की या मुलांची भूक पोटाची नव्हे. हातांना काही काम हवे होते आणि त्या हातांवाटे मनाला काही खाद्य हवे होते.

मग त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा अभ्यास सुरू केला. मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांना स्पर्श, दृष्टी, श्रवण यांच्या द्वारे कसे शिकवावे, याचे प्रयोग त्या दोघांनी केले होते. त्यांचे लेखन पूर्णपणे आत्मसात व्हावे म्हणून डॉ. मॉन्टेसरींनी ते इटालियन भाषेत स्वतःच्या हाताने उतरवून काढले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्यासह त्या तिच्या संचालक झाल्या.

या संस्थेत एक अकरा वर्षांची मुलगी होती. तिच्या हातांत दोष नव्हता. पण शिवणाचा साधा टाकाही तिला जमत नसे. डॉ. मॉन्टेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून ओवण्याची सवय हाताला झाली. त्यानंतर सुई हाती येताच ती मुलगी शिवू लागली. यातून त्यांनी एक मोठा धडा घेतला. एखादे काम करायला लावण्यापूर्वी त्या कामासाठी लागणारी हालचाल हाताला वेगळी शिकवता येते. शिवणाच्या बाबतीत जे खरे, ते लेखनाच्या बाबतीतही खरे असले पाहिजे. या विचाराने त्यांनी लाकडाची सुंदर अक्षरे तयार करवून घेतली आणि मुलांना त्यांवरून बोट फिरवायला लावले. या मुलांपैकी काही जण लिहायला-वाचायला शिकले आणि सर्वसाधारण मुलांच्या सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाले. सर्वांना हा चमत्कार वाटला. डॉ. मॉन्टेसरींना मात्र वेगळ्याच प्रश्नाने अस्वस्थ केले. दुर्बल मुले जर सुदृढ मुलांच्या बरोबरीला येऊ शकतात, तर सुदृढ मुलांना शाळेत असे काय मागे खेचत असावे?

याच काळात त्यांच्या खाजगी जीवनात एक खोल जखम झाली होती. डॉ. मोंतेसानो यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध होते. १८९८ साली त्यांना मारियो हा मुलगा झाला. विवाहाशिवाय झालेल्या मातृत्वाला समाज क्षमा करणारा नव्हता. ती गोष्ट उघड झाली असती, तर डॉक्टर म्हणून उभे केलेले सारे काम कोसळले असते. बाळाला खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढवायला दिले गेले. आई अधूनमधून त्याला भेटायला जाई. पण आपण कोण, हे सांगू शकत नसे. पुढे मोंतेसानो यांनी दुसरीशी विवाह केला आणि १९०१ साली डॉ. मॉन्टेसरींनी ती संस्था सोडली. जगातील मुलांना घर मिळवून देणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाला मात्र अनेक वर्षे घर देता आले नाही.

रोमच्या सान लोरेन्झो भागात अर्धवट बांधून सोडलेल्या इमारतींतून गरीब लोक दाटीवाटीने राहत होते. एका बांधकाम संस्थेने त्या इमारती दुरुस्त करून तेथे कामकरी कुटुंबांना बिऱ्हाडे दिली. आईबाप दिवसभर कामावर जात. शाळेत जाण्याच्या वयाची नसलेली मुले मागे राहत आणि जिने-भिंती खराब करीत. भिंतींची डागडुजी करण्यापेक्षा या मुलांना एका खोलीत सांभाळावे, असा विचार संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी केला आणि हे काम डॉ. मॉन्टेसरींकडे सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील इमारतीत पहिले बालगृह सुरू झाले. सुमारे पन्नास मुले तेथे जमली. ती बुजरी, रडवेली होती. ही शाळा गावाबाहेर कोठे नव्हती. ती मुलांच्या राहत्या इमारतीतच होती. आयांना केव्हाही येऊन डोकावता येई. म्हणूनच तिला शाळा न म्हणता मुलांचे घर म्हटले गेले.

इतक्या लहान मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा डॉ. मॉन्टेसरींचा मुळीच बेत नव्हता. सहा वर्षांपूर्वी अक्षरे शिकवू नयेत, हा त्या वेळचा सर्वमान्य समज त्यांच्याही मनात होता. मुले ठोकळे बसवीत, बटणे लावीत, स्वतःचे हात धूत, आवाज आणि रंग ओळखत. पण काही महिने गेल्यावर मुलांच्या आया त्यांच्याकडे आल्या. त्यांपैकी अनेकींना स्वतःला अक्षर ठाऊक नव्हते. मुले इथे एवढे सारे शिकतात, तर त्यांना लिहायला-वाचायलाही शिकवावे, अशी त्यांनी विनंती केली. शिक्षणाच्या इतिहासातील एका मोठ्या प्रयोगाची सुरुवात अशी निरक्षर मातांच्या आग्रहातून झाली.

लाकडी अक्षरे करून देणारा कारागीर मिळाला नाही. तेव्हा डॉ. मॉन्टेसरींनी जाड पुठ्ठ्यावर खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरे कापून चिकटवली. अक्षर डोळ्यांना दिसे, बोटांना जाणवे आणि त्याच वेळी कानांना त्याचा ध्वनी ऐकू येई. येथे त्यांनी एक महत्त्वाचा बदल केला. मुलांना त्यांनी अक्षराचे नाव न सांगता त्याचा उच्चार सांगितला. इटालियन भाषेत म या अक्षराचे नाव एम्मे असे आहे आणि न या अक्षराचे नाव एन्ने असे आहे. हात या अर्थाचा इटालियन शब्द मानो असा आहे. मुलाने एम्मे, आ, एन्ने, ओ अशी नावे कितीही वेळा म्हटली, तरी त्यांतून मानो हा शब्द कानी पडत नाही. तेच म्, आ, न्, ओ असे ध्वनी एकामागून एक उच्चारले, की शब्द आपोआप जुळून येतो. ही युक्ती डॉ. मॉन्टेसरींच्याही आधी काही शिक्षकांना ठाऊक होती. परंतु तिला बोटांच्या स्पर्शाची जोड देऊन ती तीन-चार वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे कार्य होय.

शिकवण्याची त्यांची पद्धत साधी होती. एका वेळी दोनच अक्षरे घ्यावीत. पहिल्या टप्प्यात ध्वनी सांगून मुलाला अक्षरावरून, लिहिण्याच्याच दिशेने, बोट फिरवू द्यावे. दुसऱ्या टप्प्यात ध्वनी उच्चारून ते अक्षर दाखवायला सांगावे. तिसऱ्या टप्प्यात अक्षर दाखवून त्याचा ध्वनी विचारावा. मूल चुकले तर रागवू नये, चूक दाखवूही नये. धडा तेथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा. कारण त्या क्षणी मुलाचे मन तयार नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. काही ध्वनी ओळखीचे झाले, की मुलाला पुठ्ठ्याची सुटी अक्षरे दिली जात. स्वर एका रंगाचे आणि व्यंजने दुसऱ्या रंगाची असत. ऐकलेला शब्द मनात फोडून मूल ती अक्षरे सतरंजीवर ओळीने मांडी. हात अजून पेन्सिल चालवू शकत नसला, तरी मन शब्द रचू लागे. एक मुलगा बागेत येरझारा घालत सोफिया या नावाला कोणकोणते ध्वनी लागतील, ते एकेक करून पुटपुटत असलेला डॉ. मॉन्टेसरींना आढळला. त्याला कोणी तसे करायला सांगितले नव्हते. भाषेचे कोडे आपण सोडवू शकतो, हा शोध त्याला आपल्या आपण लागला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील एके दिवशी स्वच्छ ऊन पडले होते. मुले गच्चीवर खेळत होती. डॉ. मॉन्टेसरी धुराड्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने फरशीवर चित्र काढले. त्यांनी कौतुक करताच तो क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग आपल्याला लिहिता येते, असे आनंदाने ओरडला. खाली वाकून त्याने मानो हा शब्द लिहिला. पाठोपाठ त्याने धुराडे आणि छप्पर हे शब्दही लिहिले. त्याचा आवाज ऐकून इतर मुले भोवती जमली. त्यांनीही खडू मागितले आणि त्यांच्याही हातून शब्द उमटू लागले. त्या मुलांनी त्यापूर्वी कधीही लिहिले नव्हते. परंतु अक्षरावरून फिरणारे बोट, आकृती रंगवताना पेन्सिल धरायला शिकलेला हात आणि शब्दातील ध्वनी वेगळे करणारे मन हे तिन्ही तयार होते. ते एकत्र आले आणि लेखन प्रकटले. चार वर्षांच्या मुलांना पहिल्या तयारीपासून पहिला शब्द लिहीपर्यंत सरासरी एक ते दीड महिना लागतो, असे डॉ. मॉन्टेसरींना पुढे दिसून आले.

त्यानंतर मुलांना लिहिण्याचे जणू वेडच लागले. जमीन, दारे, भिंती अक्षरांनी भरून गेल्या. घरीही तोच प्रकार. पावाच्या वरच्या कवचावरसुद्धा शब्द लिहिलेले आढळू लागले, तेव्हा काही आयांनी मुलांना कागद-पेन्सिल आणून दिली. गरिबीच्या संसारात हा खर्च त्यांनी हौसेने केला.

वाचन मात्र लेखनानंतर आले. स्वतः जोडलेला शब्द मुलाला ठाऊक असतो. दुसऱ्याने लिहिलेला शब्द वाचताना त्याचा अर्थ शोधावा लागतो. डॉ. मॉन्टेसरींनी खेळण्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली. मूल आधी ध्वनी सावकाश उच्चारी, मग जलद उच्चारी आणि एका क्षणी शब्द त्याच्या ध्यानात येई. पुढे चिठ्ठीवर एखादी कृती लिहिलेली असे आणि मूल ती वाचून तसे करून दाखवी. तरीही पुस्तकांकडे मुले फारशी वळली नाहीत. एके दिवशी एक मुलगा पुस्तकाचे फाटलेले पान घडी करून घेऊन आला. या कागदात एक गोष्ट आहे, हे त्याला उमगले होते. तेव्हापासून मुले पुस्तके मागू लागली. अक्षरे जुळवता येणे म्हणजे वाचन नव्हे. त्या अक्षरांतून दुसऱ्या माणसाचे मन आपल्याशी बोलते, हे कळणे म्हणजे वाचन, हे मुलांनीच दाखवून दिले.

या प्रयोगाची वार्ता जगभर पसरली. १९०९ साली डॉ. मॉन्टेसरींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि अनेक देशांतून शिक्षक रोमला येऊ लागले. १९१२ च्या डिसेंबरमध्ये त्यांची आई निवर्तली. त्यानंतर थोड्याच काळात पंधरा वर्षांचा मारियो आईजवळ राहायला आला. लोकांना त्याची ओळख पुतण्या किंवा मानसपुत्र अशी करून दिली जाई. पण तो अखेरपर्यंत आईची सावली होऊन राहिला.

पुढची वर्षे सुखाची नव्हती. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने आरंभी मॉन्टेसरी शाळांना आश्रय दिला आणि डॉ. मॉन्टेसरींनी तो स्वीकारलाही. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर टीका झाली. परंतु मुलांना आज्ञाधारक शिपाई बनवू पाहणारी सत्ता आणि मुलांच्या स्वातंत्र्यावर उभी असलेली शाळा यांचे फार काळ जमणे शक्य नव्हते. १९३४ साली हे संबंध तुटले. इटलीतील शाळा बंद पडल्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यामुळे त्यांना बार्सिलोनाचे घरही सोडावे लागले आणि त्यांनी हॉलंडचा आश्रय घेतला.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्या मारियोसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. काही महिन्यांचा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भारतातील ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियोला अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. वृद्ध आईवर अड्यारबाहेर न जाण्याचे बंधन आले. ३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून मारियोची सुटका करण्यात आली होती आणि त्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केलेला होता. जे नाते त्यांना आयुष्यभर उघडपणे सांगता आले नाही, ते परक्या सरकारच्या एका तारेने सांगून टाकले.

मद्रास, कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी त्यांनी वर्ग घेतले आणि एक हजाराहून अधिक भारतीय शिक्षक तयार केले. त्यांच्या विचारांचे बीज मात्र येथे आधीच रुजले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई मोडक यांनी त्या कामाला वाहून घेतले. पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून साधने तयार केली आणि मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना त्यातूनच आकाराला आली.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे डॉ. मॉन्टेसरींचे निधन झाले. २००० साली अमेरिकेत वाचनविषयक संशोधनाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीने, अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पद्धतशीरपणे शिकवण्याचा लहान मुलांना लाभ होतो, असा निष्कर्ष काढला. सान लोरेन्झोच्या गच्चीवर तो अनुभव त्यापूर्वी ९० हून अधिक वर्षे आधीच आला होता.

आपल्या देवनागरी लिपीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार जवळजवळ एकच असतात. हे मराठी मुलाचे भाग्यच आहे. म् आणि आ मिळून मा होते, हे घरातील कोणीही मोठे माणूस मुलाला सहज ऐकवू शकते. त्यासाठी पुठ्ठा, पॉलिश पेपरचा तुकडा, थोडा वेळ आणि पुष्कळ धीर एवढे भांडवल पुरेसे आहे. स्वतः उशिरा अक्षरे शिकणाऱ्या आईबापांनाही ते आपल्या मुलाबरोबर वापरता येते. ज्या आयांनी डॉ. मॉन्टेसरींकडे आपल्या मुलांसाठी अक्षरे मागितली, त्यांपैकी अनेकींना वाचता येत नव्हते. परंतु मुलाने वाचावे ही त्यांची इच्छा प्रबळ होती. त्या इच्छेचा मान राखणारी एक डॉक्टर त्यांना भेटली आणि जगभरच्या मुलांसाठी अक्षरांचा रस्ता सोपा झाला.